तिचा चार्ट त्याच्या मोबाईलवर कसा गेला? पायथनमध्ये चार्टची इमेज मेमरीत सांभाळताना

भागाचं शब्दांकन. ऐकताना जे निसटलं ते इथे निवांत वाचा. कोडमधले शब्द उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिलेत. टाइप करताना ते इंग्रजी अक्षरांतच लिहायचे, हे तुम्हाला माहीतच आहे.

हेडफोन लावलेत? मग सुरू करूया.

२०२३ च्या मार्च महिन्यात सायमन आरन्स आणि डेव्हिड ब्यूकॅनन या दोन संशोधकांनी एक गोष्ट उघड केली. गूगलच्या पिक्सेल फोनमध्ये स्क्रीनशॉट कापायचं एक टूल आहे, मार्कअप नावाचं. समजा, तुम्ही बँकेच्या अ‍ॅपचा स्क्रीनशॉट काढला, त्यातला खाते क्रमांक कापून टाकला आणि उरलेला तुकडा कुणालातरी पाठवला. तुम्हाला वाटलं, कापलेला भाग गेला. पण तो गेलेलाच नसायचा! नवीन छोटी इमेज जुन्या मोठ्या फाइलवरच लिहिली जायची, आणि जुन्या फाइलचा उरलेला शेवटचा भाग तसाच मागे चिकटून राहायचा. त्यातून कापलेल्या चित्राचा बराचसा भाग परत मिळवता येत होता. या प्रकाराला ‘अ‍ॅक्रॉपॅलिप्स’ असं नाव पडलं. थोड्याच दिवसांत विंडोज ११ च्या स्निपिंग टूलमध्येही तसाच दोष सापडला. पुढे दोन्हीकडे दुरुस्ती झाली.

आता तुम्ही म्हणाल, याचा आणि चार्टचा काय संबंध? सांगतो. इमेज म्हणजे शेवटी बाइट्सची एक रांग. ती रांग कुठे लिहिली, कुणी लिहिली, आधीचं पुसलं का, आणि वाचणाऱ्याने कुठून वाचायला सुरुवात केली, हे चार प्रश्न सुटले नाहीत, तर एकाची माहिती दुसऱ्याकडे जाते. तुम्ही पायथनमध्ये एखादा छोटा बॉट बनवलात, तरी हे चारही प्रश्न तुमच्यासमोर येतात.

एक साधा बॉट

समजा, तुमचा दहा-बारा जणांचा एमपीएससीचा अभ्यास ग्रुप आहे. दर रविवारी सराव परीक्षा होते. तुम्ही टेलिग्रामवर बॉट बनवलाय. ज्याने ‘माझे गुण’ असा मेसेज केला, त्याला त्याच्या आजवरच्या गुणांचा चार्ट यायचा. चार्ट काढायला मॅटप्लॉटलिब, पायथनमधली सगळ्यात ओळखीची चार्टची लायब्ररी.

बहुतेक जण सुरुवातीला असं करतात: चार्ट काढायचा, ‘सेव्हफिग’ करून ‘चार्ट डॉट पीएनजी’ नावाची फाइल बनवायची, मग तीच फाइल उघडून टेलिग्रामला पाठवायची. घरी लॅपटॉपवर तपासलं, तर एकदम झकास चालतं. कारण तपासणारे तुम्ही एकटेच असता.

आता रविवारची संध्याकाळ. निकाल लागलाय. ग्रुपमधल्या एका ताईने ‘माझे गुण’ टाइप केलं आणि त्याच क्षणी एका दादानेही. बॉटने ताईचा चार्ट ‘चार्ट डॉट पीएनजी’मध्ये लिहिला. तो परत वाचून पाठवणार, तेवढ्यात दादाचा चार्ट त्याच नावाने त्याच फाइलवर लिहिला गेला. आता बॉटने ताईसाठी फाइल उघडली. आत कोण? दादा! ताईच्या मोबाईलवर दादाचे गुण.

बॉट एका वेळी एकच मेसेज हाताळत असेल, तर असं होणार नाही. पण दोन थ्रेड किंवा दोन प्रोसेस सुरू झाल्या, की हा खेळ सुरू. आणि वाईट भाग असा की एररचा लाल मजकूर कुठेच दिसत नाही. प्रोग्रॅमच्या मते सगळं ठीक आहे.

गुणांच्या जागी रक्ताचे रिपोर्ट ठेवून बघा. पगार ठेवून बघा. मग कळतं की हा फक्त कोडचा प्रश्न नाही.

मग प्रत्येकाला वेगळं नाव देऊया ना?

देऊ शकता. प्रत्येक फाइलला वेगळं नाव दिलं, तर ही टक्कर टळते. पण मग साफसफाई तुमच्या गळ्यात. दर वेळी फाइल पुसायची, मध्येच प्रोग्रॅम बंद पडला तर राहिलेल्या फाइल शोधायच्या, आणि डिस्क भरत नाही ना ते बघायचं. शिवाय काही ठिकाणी हवं तिथे लिहिताच येत नाही. उदाहरणार्थ, अ‍ॅमेझॉनच्या लॅम्डा सेवेत कोडला लिहिण्यासाठी फक्त ‘टीएमपी’ हा फोल्डर मिळतो, आणि वेगळं काही सांगितलं नाही तर त्याची जागा ५१२ एमबी असते.

मुळात प्रश्न असा आहे: जी इमेज दोन सेकंदांनी कुणाला लागणारच नाही, ती डिस्कवर हवी कशाला? वहीत लिहून पान फाडण्यापेक्षा पाटीवर लिहा, दाखवा आणि पुसा. पायथनमध्ये ही पाटी आहे. तिचं नाव ‘बाइट्सआयओ’.

बाइट्सआयओ म्हणजे काय?

पायथनसोबतच येणाऱ्या ‘आयओ’ या मॉड्यूलमधली ही वस्तू आहे, वेगळं काही इन्स्टॉल करायला नको. ती वागते फाइलसारखी: लिहिता येतं, वाचता येतं, पुढे-मागे जाता येतं. पण सगळे बाइट्स रॅममध्ये असतात. तिला नाव नसतं. आणि नावच नाही म्हटल्यावर दोघांचं नाव सारखं होण्याचा प्रश्नच मिटला.

पायऱ्या अशा:

एक. नवीन बाइट्सआयओ तयार करा. त्याला ‘बफर’ म्हणूया.

दोन. सेव्हफिगला फाइलच्या नावाऐवजी हा बफर द्या. सोबत फॉरमॅट पीएनजी असं स्पष्ट लिहा. फाइलच्या नावात ‘डॉट पीएनजी’ असतं, त्यावरून मॅटप्लॉटलिब ओळखते. बफरला नाव नाही, त्यामुळे आपणच सांगितलेलं बरं.

तीन. बफरवर ‘सीक’ शून्य करा.

चार. बफर पाठवा.

पाच. फिगर बंद करा.

यातल्या तिसऱ्या आणि पाचव्या पायरीवर सगळ्यात जास्त लोक अडकतात. म्हणून त्या दोन्ही सावकाश बघू.

सीक शून्य: ही भानगड काय?

व्हॉइस नोट शेवटपर्यंत ऐकली, की तो छोटा गोल ठिपका पट्टीच्या उजव्या टोकाला जातो. तिथून पुढे ऐकायचं म्हटलं तर काहीच नाही. बफरमध्येही असाच एक ठिपका असतो, त्याला कर्सर म्हणू. सेव्हफिगने लिहून संपवलं, की कर्सर शेवटी उभा असतो. आता टेलिग्रामची लायब्ररी म्हणते, चला, वाचूया. ती कर्सरपासून पुढे वाचते, आणि तिला मिळतात शून्य बाइट्स. मग ‘फाइल रिकामी आहे’ अशी तक्रार येते, आणि आपण चार्टच्या कोडमध्ये चूक शोधत बसतो. चार्ट बिचारा ठीकच असतो. सीक शून्य म्हणजे ठिपका परत डाव्या टोकाला नेणं. बस, एवढंच.

‘गेटव्हॅल्यू’ नावाची दुसरी सोय आहे. ती कर्सर कुठेही असला तरी पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळे बाइट्स हातात देते. सरळ बाइट्स हवे असतील तर ती वापरा, फाइलसारखी वस्तू द्यायची असेल तर सीक शून्य.

शंका आली तर एक सोपी तपासणी करा. पीएनजी इमेजचे पहिले ८ बाइट्स ठरलेले असतात: १३७, ८०, ७८, ७१, १३, १०, २६, १०. यातले ८०, ७८, ७१ म्हणजे इंग्रजी पी, एन आणि जी ही अक्षरं. बफरची सुरुवात अशी झाली, तर आत पीएनजी आहे.

तोच बफर पुन्हा वापरला तर?

आता अ‍ॅक्रॉपॅलिप्स आठवा. कुणालातरी वाटतं, दर वेळी नवीन बफर कशाला? वर एकच बनवून ठेवतो आणि तोच वापरतो. बचत! नाही हो.

कर्सर मागे न नेता लिहिलं, तर दादाचा चार्ट ताईच्या चार्टच्या मागे जोडला जातो. मग गेटव्हॅल्यू केलं, की दोन्ही इमेज एकामागोमाग बाहेर येतात. पीएनजी दाखवणारं अ‍ॅप पहिली इमेज संपल्याची खूण दिसली की सहसा थांबतं. म्हणजे दादाला दिसतो ताईचा चार्ट.

कर्सर मागे नेऊन लिहिलं, तर काय? ताईचा चार्ट समजा ३० हजार बाइट्सचा होता आणि दादाचा २० हजारांचा. पहिल्या २० हजारांवर दादाचा चार्ट येतो, पण ताईचे शेवटचे १० हजार बाइट्स तसेच मागे. स्क्रीनवर काही दिसत नाही, पण इमेजसोबत ते प्रवास करतात. पिक्सेलच्या टूलमध्ये झालं ते नेमकं हेच होतं: नवीन लिहिण्याआधी जुनी फाइल शून्यावर आणली नव्हती. पायथनमध्ये त्यासाठी ‘ट्रंकेट’ आहे, पण त्याहून सोपा नियम म्हणजे प्रत्येक मेसेजसाठी नवा बफर. तो बनवायला वेळ लागत नाही आणि काम संपलं की पायथन स्वतःच त्याची जागा मोकळी करतो.

पाचवी पायरी: फिगर बंद करणं

हे समजायला थोडा इतिहास हवा. मॅटप्लॉटलिब जॉन हंटर या न्यूरोबायॉलॉजिस्टने सुरू केली. फिट येणाऱ्या रुग्णांच्या मेंदूतले विद्युत सिग्नल त्याला बघायचे होते. २००३ मध्ये पहिली आवृत्ती आली. २०१२ मध्ये हंटर गेला, पण लायब्ररी जगभरच्या लोकांनी पुढे वाढवली. तेव्हा मॅटलॅब हे सॉफ्टवेअर लोकांच्या सवयीचं होतं, म्हणून ‘पायप्लॉट’ हा भाग त्याच धर्तीवर बनवला. एक माणूस, एक स्क्रीन, समोर एक चार्ट. ‘टायटल दे’ म्हटलं, की समोर असलेल्या चार्टला टायटल. कुठला चार्ट, हे सांगायचीच गरज नाही.

एकट्यासाठी ही सोय मस्त आहे. बॉटसाठी ती दोन प्रकारे नडते.

पहिलं म्हणजे, पायप्लॉट प्रत्येक फिगरची स्वतःच्या यादीत नोंद ठेवतो, म्हणजे पुढे ‘शो’ म्हटलं की ती सापडावी. तुमचं फंक्शन संपलं तरी यादीतली नोंद संपत नाही, आणि जोवर नोंद आहे तोवर मेमरी सुटत नाही. २० पेक्षा जास्त फिगर उघड्या राहिल्या, की मॅटप्लॉटलिब इशारा देते. बरेच जण तो वाचत नाहीत. मेमरी फुगत जाते, आणि एके रात्री सर्व्हर बॉटला बंद करतो. उपाय: पायप्लॉटचं ‘क्लोज’ आणि त्याला ती फिगर. नुसता बफर बंद करून भागत नाही. बफर वेगळा, फिगर वेगळी.

दुसरं जास्त गंभीर. ‘समोरचा चार्ट’ ही कल्पना पूर्ण प्रोग्रॅममध्ये सामायिक असते. दोन थ्रेड एकाच वेळी चार्ट काढायला लागले, तर ताईच्या नावाचं टायटल दादाच्या फिगरवर बसू शकतं. म्हणजे फाइल सोडून मेमरीत आलो, तरी घोळ तोच! कारण आजार फाइलचा नव्हताच, सामायिक जागेचा होता. आधी फाइलचं नाव सामायिक होतं, मग बफर, आणि आता ‘समोरचा चार्ट’.

म्हणून सर्व्हरसाठी मॅटप्लॉटलिबची अधिकृत मार्गदर्शिकासुद्धा सांगते, की पायप्लॉट बाजूला ठेवा. ‘मॅटप्लॉटलिब डॉट फिगर’मधून ‘फिगर’ घ्या, स्वतः फिगर बनवा, तिच्यावर ‘सबप्लॉट्स’ म्हणून आखणीची जागा घ्या, त्या जागेवर रेषा काढा, टायटल द्या, आणि त्याच फिगरचं सेव्हफिग वापरा. अशी फिगर पायप्लॉटच्या यादीत जातच नाही. वेगळं बंद करायला नको, आणि ‘कुठला चार्ट’ हे प्रत्येक ओळीत स्पष्ट. खिडकी उघडायची भानगडही नाही. पीएनजी बनवताना पडद्यामागे ‘अ‍ॅग’ नावाचं इंजिन पिक्सेल रंगवतं, त्याला स्क्रीन लागत नाही.

तरी एक लक्षात ठेवा: मॅटप्लॉटलिब थ्रेडसाठी पूर्ण सुरक्षित असल्याचा दावा तिचे निर्मातेही करत नाहीत. एकच फिगर दोन थ्रेडमध्ये कधीही फिरवू नका. गर्दी जास्त असेल तर चार्ट काढायचं काम एका रांगेत लावा.

मेमरी किती लागते? बोटांवर हिशोब

मॅटप्लॉटलिबची नेहमीची फिगर ६.४ इंच रुंद आणि ४.८ इंच उंच असते, आणि एका इंचात १०० पिक्सेल. म्हणजे ६४० गुणिले ४८०, ३,०७,२०० पिक्सेल. प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट्स: लाल, हिरवा, निळा आणि पारदर्शकता. एकूण १२,२८,८०० बाइट्स, साधारण १.२ एमबी.

आता कुणी म्हणालं, ‘क्लिअर दिसू दे’, आणि डीपीआय ३०० केला. रुंदी तिप्पट, उंचीही तिप्पट, म्हणजे पिक्सेल ९ पट. १,१०,५९,२०० बाइट्स, ११ एमबी. असे ५० चार्ट एकाच वेळी मेमरीत आले, तर ५५० एमबी. ५१२ एमबी रॅमचा सर्व्हर तिथेच आडवा!

पीएनजी झाल्यावर हाच चार्ट खूप लहान होतो. चार्टमध्ये मोठमोठे पांढरे भाग असतात, आणि सलग एकाच रंगाची जागा पीएनजी छान आवळून ठेवतं, काहीही न गमावता. जेपीईजी फोटोसाठी चांगलं, पण बारीक रेषांच्या आणि अक्षरांच्या कडेला ते डाग पाडतं. टेलिग्रामवर ‘फोटो’ म्हणून पाठवलं की इमेज पुन्हा आवळली जाते, ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवलं की जशीच्या तशी पोचते. डॉक्युमेंट पाठवताना मात्र नाव आपण द्यायचं, कारण बफरला ते नसतं.

इमेज वेबपेजमध्येच घालायची असेल, तर लोक बेस६४ वापरतात. त्यात दर ३ बाइट्सची ४ अक्षरं होतात, म्हणजे आकार साधारण एक तृतीयांशाने वाढतो. एखाद-दुसऱ्या चार्टला ठीक, पन्नास चार्टच्या पानाला नको.

पीएनजी नकोच, कच्चे पिक्सेल हवेत

चार्टचा व्हिडिओ बनवायचा असेल किंवा त्यावर इमेज प्रोसेसिंग करायचं असेल, तर पीएनजी बनवून परत उलगडणं म्हणजे फुकटची मेहनत. अशा वेळी फिगरचा अ‍ॅग कॅनव्हास घ्यायचा, त्यावर ‘ड्रॉ’ करायचं आणि मग ‘बफर आरजीबीए’ मागायचं. ते नमपायच्या अ‍ॅरेमध्ये घेतलं, की आकार दिसेल ४८०, ६४०, ४. आधी उंची, मग रुंदी. जुन्या लेखांमध्ये ‘टूस्ट्रिंग आरजीबी’ दिसेल, ते ३.८ आवृत्तीपासून मोडीत काढलंय, वापरू नका.

इथेही तोच सामायिक जागेचा सापळा आहे. बफर आरजीबीए तुम्हाला पिक्सेलची वेगळी प्रत देत नाही, कॅनव्हासच्याच मेमरीकडे बघणारी खिडकी देतं. तीच फिगर पुन्हा रंगवली, की आधी घेतलेलं चित्रही बदलू शकतं. ठेवायचं असेल तर ‘कॉपी’ करा. ओपनसीव्हीमध्ये नेत असाल, तर तिथे रंगांचा क्रम निळा, हिरवा, लाल असतो. क्रम बदलला नाही तर लाल रेष निळी दिसेल. आणि व्हिडिओच्या फ्रेम बनवताना ‘बीबॉक्स इंचेस टाइट’ टाळा. ते कडेची मोकळी जागा कापतं, मग प्रत्येक फ्रेमचा आकार वेगळा होऊ शकतो.

आणि मराठी अक्षरं?

हा प्रश्न येणारच होता. चार्टवर ‘इतिहास’ लिहिलं आणि आले चौकोन! कारण मॅटप्लॉटलिबसोबत येणाऱ्या डेजाव्हू सॅन्स या फाँटमध्ये देवनागरी नाही. नोटो सॅन्स देवनागरीसारखा फाँट दिला की अक्षरं येतात. पण आजवरच्या बहुतेक आवृत्त्यांमध्ये मॅटप्लॉटलिब अक्षरं एकापुढे एक नुसती मांडत जाते. देवनागरीला तेवढं पुरत नाही. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी यायला हवी, ती नंतर येते. जोडाक्षरं सुटी पडतात. ‘राज्यशास्त्र’ तर ओळखूच येत नाही. साधा मार्ग असा: चार्टमध्ये आकडे आणि तारखा ठेवा, आणि मराठी मजकूर टेलिग्रामच्या कॅप्शनमध्ये लिहा. मोबाईलच्या छोट्या स्क्रीनवर तो वाचायलाही बरा पडतो.

मग फाइल कधीच नको का?

तसं नाही हं. महिन्याचा अहवाल जपायचा आहे, तोच चार्ट शंभर जणांना दाखवायचा आहे, चार्ट बनवायला मिनिटभर लागतो: अशा ठिकाणी फाइलच बरी. रॅम महाग असते आणि सर्व्हर बंद झाला की रिकामी होते. जे जपायचं ते डिस्कवर, जे दाखवून विसरायचं ते मेमरीत.

जाता जाता, या आठवड्याचा गृहपाठ. तुमचा बॉट असेल तर दोन मोबाईल घ्या, दोन वेगवेगळ्या खात्यांवरून एकाच क्षणी चार्ट मागा. एकदा नाही, वीस-तीसदा. दोन्हीकडे आपापलाच चार्ट येतो का बघा. मग पायप्लॉटला ‘गेट फिगनम्स’ विचारा. उत्तरात रिकामी यादी आली पाहिजे. आली नाही, तर कुठेतरी फिगर उघडी राहिलीय.

आणि कोड लिहिताना प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारा: ही वस्तू एकाची आहे की सगळ्यांची? मेसेज एकाचा, तर फिगर त्याची, बफर त्याचा, आणि काम झालं की दोन्हीला निरोप.

शंका असतील तर व्हॉइस नोट पाठवा, शेवटपर्यंत ऐकतो आणि ठिपका परत मागे नेऊन पुन्हाही ऐकतो. भेटू पुढच्या भागात!